वझश्काची डुबकी : एका ओजिब्वे बालकथेतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

लहान मुलांना सांगितल्या जाणाऱ्या प्राणिकथांकडे भाषाभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. पंचतंत्रासारखा ग्रंथ असेल तर त्याचा पाठ, त्याची भाषांतरे आणि त्याचा प्रवास यांची चर्चा होते. परंतु आजीने नातवाला सांगितलेली गोष्ट ही लोकसाहित्याच्या संग्राहकाकडे सोपवून आपण मोकळे होतो. वास्तविक एखादा समाज आपल्या मुलाला ‘तू कोण आणि कोणाचा’ हे प्रथम सांगतो ते अशाच गोष्टींतून. आणि ते सांगताना त्याला आपल्या भाषेचे व्याकरण वापरावे लागते. प्रस्तुत लेखात उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोकांच्या एका अशा कथेचा विचार करावयाचा आहे. कथा अगदी लहान आहे. तिच्यात ओळख आणि आपलेपणा यांचा जो संबंध सांगितला आहे तो त्या भाषेच्या रचनेच्या आधाराने अधिक स्पष्ट होतो, आणि त्यातील एक महत्त्वाचा भाग इंग्रजीपेक्षा मराठीत अधिक नीट उतरतो, एवढे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

१. लोक, भाषा आणि कथा

ओजिब्वे लोक स्वतःला ‘अनिशिनाबे’ म्हणवितात. सुपीरियर आणि ह्यूरन या महासरोवरांच्या भोवतालचा प्रदेश, म्हणजे आजच्या कॅनडातील ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबा, तसेच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन, विस्कॉन्सिन व मिनेसोटा ही त्यांची प्रमुख वस्तिस्थाने होत. त्यांची भाषा ‘अनिशिनाबेमोविन’ ही अल्गाँक्वियन कुलातील असून क्री, मेनॉमिनी, फॉक्स इत्यादी तिच्या भगिनी आहेत. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कुल अपरिचित नाही. पाणिनीच्या व्याकरणाचा मुक्तकंठाने गौरव करणाऱ्या लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी याच कुलातील भाषांच्या वर्णनात आयुष्याची पुष्कळ वर्षे घालविली. त्यांचे पूर्वेकडील ओजिब्वेवरील पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९५७ साली, प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी विल्यम जोन्स यांनी ओजिब्वे कथांचा मूळ भाषेतील मोठा संग्रह केला होता. जोन्स हे स्वतः फॉक्स जमातीचे. १९०९ साली फिलिपाइन्समध्ये संशोधन करीत असता त्यांची हत्या झाली, आणि त्यांचा संग्रह ट्रूमन मायकेल्सन यांनी १९१७ आणि १९१९ साली दोन भागांत प्रकाशात आणला.

आपल्या कथेचे अनेक पाठ आहेत. प्राण्यांची नावे आणि त्यांचा क्रम सांगणाऱ्यागणिक बदलतो. कथेचा सांगाडा मात्र स्थिर आहे. महापूर येऊन सर्व जमीन पाण्याखाली गेली आहे. नानाबोझो हा ओजिब्वे कथांचा नायक, अर्धा देव आणि अर्धा खोडकर, एका ओंडक्यावर तरंगत आहे. त्याच्याभोवती वाचलेले प्राणी जमले आहेत. पाण्याच्या तळाशी बुडालेल्या भूमीची चिमूटभर माती जरी वर आली तरी तिच्यापासून नवी भूमी करता येईल, असे नानाबोझो सांगतो. प्रथम उत्तम पोहणारे पुढे होतात: मांग, म्हणजे लून नावाचा पाणपक्षी; निगिग, म्हणजे पाणमांजर; अमिक, म्हणजे बीव्हर. एकेक जण बुडी मारतो, बराच वेळ दिसेनासा होतो आणि अखेर धापा टाकीत रिकाम्या हाताने वर येतो. मग वझश्क पुढे होतो. हा सर्वांत लहान. बळकटांना जे जमले नाही ते याला काय जमणार, असे म्हणून इतर प्राणी त्याला हसतात. वझश्क बुडी मारतो. फार वेळ जातो. शेवटी पाण्यावर त्याचे निष्प्राण शरीर तरंगताना दिसते. त्याला ओंडक्यावर घेतात, तो त्याच्या मिटलेल्या पंज्यात थोडी माती सापडते. ती माती पाठीवर घ्यावयास कासव तयार होते, ती वाढू लागते आणि तीच आजची भूमी होते. काही पाठांत नानाबोझो वझश्कावर फुंकर घालून त्याला पुन्हा जिवंत करतो. काहींत तो जिवंत होत नाही.

मराठी वाचकाला येथे वराहावताराची आठवण होणे स्वाभाविक आहे. पाण्यातून पृथ्वी वर काढणाऱ्या प्राण्याची कल्पना आपल्याकडे ब्राह्मणग्रंथांइतकी जुनी आहे, आणि व्हेरिअर एल्विन यांच्या १९४९ मधील मध्य भारतीय पुराणकथांच्या संग्रहातही या जातीच्या आदिवासी कथा आहेत. तथापि साम्यापेक्षा भेद अधिक बोलका आहे. वराह हा सामर्थ्याचा अवतार होय. पृथ्वी त्याच्या दाढेवर लीलया येते. वझश्काजवळ सामर्थ्य नाही, आणि जे थोडे आहे ते या कार्यात संपून जाते.

२. नावाचा प्रश्न

वझश्क हा प्राणी कोणता? इंग्रजीत त्याला ‘मस्क्रॅट’ म्हणतात, आणि येथे मराठी भाषांतरकारासाठी एक खड्डा आहे. हिंदुस्थानातील इंग्रज ‘मस्क्रॅट’ हा शब्द आपल्या घरातील चिचुंद्रीला लावीत असत. किपलिंगच्या १८९४ मधील ‘जंगल बुक’मध्ये चुचुंद्रा या पात्राला हेच नाव आहे. त्यामुळे कोश पाहून भाषांतर करणारा विद्यार्थी महापुराच्या तळाशी चिचुंद्रीला पाठवितो, आणि मग ऐकणाऱ्याला प्राण्यांचे हसणे रास्त वाटू लागते. वझश्क हा चिचुंद्रीचा कोणी लागत नाही. तो उत्तर अमेरिकेच्या दलदलीत राहणारा, सुमारे एक किलो वजनाचा, चपट्या शेपटीचा कृंतक प्राणी आहे. पाणवनस्पती रचून तो आपले घर बांधतो आणि एका दमात सुमारे पंधरा मिनिटे पाण्याखाली राहू शकतो. कथा सांगणाऱ्यांना हे माहीत होते. म्हणजे वझश्काची निवड चमत्कारासाठी झालेली नाही. त्याच्या अंगी जे आहे तेच कथेला हवे आहे. सोबत्यांनी मात्र आकाराकडे पाहून त्याची योग्यता ठरविली होती.

नाव कापले की ओळख कशी कापली जाते याचे एक उदाहरण नकाशावर आहे. ऑन्टॅरिओमधील लेक ऑफ द वुड्सच्या काठी एके ठिकाणी होड्या खांद्यावर घेऊन जमिनीवरून पलीकडच्या पाण्यात नेण्याची वाट होती. तिला ओजिब्वे भाषेत ‘वझश्क-ओनिगम’, म्हणजे वझश्काची वाट, असे नाव होते. इंग्रजीत या गावाचे नाव ‘रॅट पोर्टेज’ झाले. वझश्काचा केवळ उंदीर उरला. १९०५ साली तेही नाव गेले, आणि कीवेटिन, नॉर्मन व रॅट पोर्टेज या तीन नावांची आद्याक्षरे जोडून ‘केनोरा’ हे नाव सिद्ध झाले. त्यात वझश्काचा लवलेश नाही. शेजारच्या ओजिब्वे समाजाने मात्र ‘वझश्क-ओनिगम’ हे आपले नाव आजही राखले आहे.

असाच प्रकार नायकाच्या बाबतीतही घडला. हेन्री स्कूलक्राफ्ट यांनी १८३९ साली या लोकांच्या कथा इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. त्यांच्या आधाराने लाँगफेलो यांनी १८५५ साली आपले प्रसिद्ध काव्य लिहिले. परंतु नानाबोझोच्या कथांना त्यांनी नाव दिले ते हायावाथाचे, जो ओजिब्वे नसून इरोक्वाय लोकांचा पुढारी होता. कथा एकाच्या आणि नाव दुसऱ्याचे, अशा स्थितीत त्या जगभर गेल्या.

३. सचेतन आणि अचेतन

ओजिब्वे भाषेत आपल्यासारखे पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग नाही. तेथील नामांचे दोन वर्ग आहेत: सचेतन आणि अचेतन. क्रियापदही त्याप्रमाणे बदलते. सचेतनाला पाहिले तर ‘निवाबमा’, अचेतनाला पाहिले तर ‘निवाबंदान’. दोन्हींचा अर्थ ‘मी पाहतो’ असाच, परंतु धातूचे रूप भिन्न. माणसे आणि प्राणी सचेतन, हे उघड आहे. दगड, बर्फ, चिलीम आणि तंबाखू हीही नामे सचेतन आहेत. ‘मितिग’ हा शब्द झाडाला लावला की सचेतन असतो, काठीला लावला की अचेतन.

यावरून ओजिब्वे माणूस प्रत्येक दगडाशी बोलतो, असे अनुमान काढणे योग्य नव्हे. रासबेरीचे नाव सचेतन आणि स्ट्रॉबेरीचे अचेतन, याचा उलगडा कोणत्याही श्रद्धेने होत नाही. आपल्याकडे भिंत स्त्रीलिंगी का आणि दरवाजा पुल्लिंगी का, याचाही होत नाही. मानवशास्त्रज्ञ हॅलोवेल यांनी १९६० च्या आपल्या निबंधात नमूद केले आहे की, येथले सगळे दगड जिवंत आहेत काय, असे विचारता एका वृद्धाने ‘सगळे नव्हेत, काही आहेत’ अशा अर्थाचे उत्तर दिले. व्याकरण ही शक्यता खुली ठेवते. निर्णय अनुभवाने करावयाचा असतो.

आपल्या दृष्टीने या वर्गीकरणातील एक नोंद विशेष महत्त्वाची आहे. ओजिब्वे लोक कथनाचे दोन प्रकार मानतात. घडलेली हकीकत, बातमी किंवा आठवण म्हणजे ‘दिबाजिमोविन’. हे नाम अचेतन आहे. नानाबोझोच्या कथेसारखी परंपरागत कथा म्हणजे ‘आदिझोकान’. अनेक बोलींत हे नाम सचेतन आहे, आणि त्याचे अनेकवचन ‘आदिझोकानग’ हे सचेतन प्रत्ययाने होते. त्याच शब्दाने कथा आणि कथेतील पात्र अशा दोहोंचा बोध होतो. रूढी अशी की आदिझोकान हिवाळ्यात, जमिनीवर बर्फ असतानाच सांगावयाची. आपली गोष्ट ही अशा कथांपैकी आहे. ती ऐकणारे मूल कथेला वस्तू म्हणून हाताळीत नाही. घरी आलेल्या वडीलधाऱ्या पाहुण्याचे बोलणे ऐकावे तसे ते ती ऐकते.

मागे मी वझश्काला ‘तो’ म्हटले आहे. हा माझ्या भाषेने केलेला आग्रह होय. ओजिब्वेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना मिळून एकच सर्वनाम आहे. त्याऐवजी तेथे वेगळा भेद आढळतो. एका प्रसंगात दोन तृतीयपुरुषी व्यक्ती आल्या, तर त्यांपैकी ज्याच्यावर कथनाची दृष्टी आहे त्याचे रूप साधे राहते, आणि दुसऱ्याच्या नामाला ‘दूरचा’ असे दर्शविणारा प्रत्यय लागतो. दृष्टी बदलली की प्रत्ययही बदलतो. कोण मोठा, कोण लहान याचा येथे संबंध नाही. नानाबोझो आणि वझश्क एका वाक्यात आले, तर लहानग्या वझश्काला मध्यभागी ठेवून नानाबोझोला दूर बसविण्याची मुभा कथाकाराला व्याकरणानेच दिलेली आहे.

४. ‘दोदेम’ : कोणाचे, हे सांगितल्यावाचून न उच्चारता येणारा शब्द

ओजिब्वे माणूस रीतीप्रमाणे स्वतःची ओळख करून देतो तेव्हा आपले नाव, आपले कूळ आणि आपले गाव सांगतो. कुळाचा शब्द ‘दोदेम’. इंग्रजीतील आणि आता आपल्याही समाजशास्त्रातील ‘टोटेम’ हा शब्द यावरूनच आला. जॉन लाँग या व्यापाऱ्याने १७९१ च्या आपल्या प्रवासवर्णनात तो प्रथम छापला. परंतु त्याने त्याचा अर्थ एकेका व्यक्तीचा रक्षक प्राणी असा दिला. ही चूक होती, आणि लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये टोटेमवादाची चिकित्सा करताना तिच्याकडे लक्ष वेधले. दोदेम व्यक्तीचे नसते, कुळाचे असते. ते पित्याकडून अपत्याकडे येते, आणि एका दोदेमची माणसे परस्परांत विवाह करीत नाहीत. आपल्याकडील देवकाशी याचे साम्य स्पष्ट आहे. कळंब, पंचपल्लव किंवा मोराचे पीस हे देवक असलेल्या घराण्यांतही समान देवक हा विवाहाला अडथळा मानला जाई.

व्याकरणदृष्ट्या हा शब्द अधिक लक्षणीय आहे. ओजिब्वेत काही नामे अशी आहेत की ती स्वामिवाचक उपसर्गाशिवाय उच्चारताच येत नाहीत. शरीराचे अवयव आणि नात्याचे शब्द यांत येतात. नुसता ‘हात’ नाही. माझा हात, तुझा हात, कोणाचा तरी हात. नुसता ‘आजोबा’ नाही. ‘निमिशोमिस’, म्हणजे माझे आजोबा. दोदेम हे नामही याच वर्गातले: ‘निंदोदेम’ माझे कूळ, ‘गिदोदेम’ तुझे कूळ, ‘ओदोदेमन’ त्याचे अथवा तिचे कूळ. युरोपीय पंडितांनी हा उपसर्ग सोडवून ‘टोटेम’ ही स्वतंत्र वस्तू केली, आणि मग ती वस्तू म्हणजे काय यावर शंभर-दीडशे वर्षे वाद घातला. मूळ भाषेत तो शब्द हाताप्रमाणे किंवा आजोबांप्रमाणे कोणाच्या तरी अंगाला जोडलेलाच असतो.

विल्यम वॉरन यांच्या, १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात मूळची पाच कुळे दिली आहेत: क्रौंच, कॅटफिश मासा, लून, अस्वल आणि मार्टेन. वॉरन हे आईकडून ओजिब्वे होते, आणि त्यांनी वृद्धांच्या तोंडून ही माहिती घेतली होती. या पाचांत वझश्काचे नाव नाही. ज्या लूनला माती आणता आली नाही त्याच्या नावाचे कूळ आहे. ज्याने आणली तो या थोर पंक्तीबाहेर आहे. कथा ऐकणाऱ्या मुलाचे दोदेम कोणतेही असो, त्याच्या पायाखालची जमीन मात्र वझश्काची देणगी आहे.

५. ‘आम्ही’ आणि ‘आपण’

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. इंग्रजीत उत्तमपुरुषी अनेकवचन एकच आहे. ओजिब्वेत दोन आहेत. ‘नीनविंद’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही. ‘गीनविंद’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण. मराठी वाचकाला हा भेद समजावून देण्याची गरज नाही. ‘आम्ही जेवायला बसतो’ आणि ‘आपण जेवायला बसू’ या दोन वाक्यांत पाहुण्याच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे मराठी मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळते.

ओजिब्वेतील रचनेत आणखी एक बारकावा आहे. ‘नि’ हा ‘मी’चा उपसर्ग आणि ‘गि’ हा ‘तू’चा. ‘आपण’ या अर्थाच्या रूपांना ‘गि’ लागतो, म्हणजे आरंभी ‘तू’ येतो. किंबहुना जेथे जेथे मी आणि तू एकत्र येतात तेथे तेथे उपसर्गाचे स्थान ‘तू’लाच मिळते: ‘तू मला पाहतोस’ हे ‘गिवाबम’, आणि ‘मी तुला पाहतो’ हेही ‘गिवाबमिन’. कर्ता कोणीही असो, आरंभ ‘तू’ने. यातून ओजिब्वे लोक इतरांपेक्षा अधिक नम्र असतात असे सिद्ध होत नाही. व्याकरण हे शीलाचे प्रमाणपत्र नव्हे. परंतु कथाकाराच्या हाती त्याने एक साधन दिले आहे, हे निश्चित.

कथेचा आशय या दोन रूपांत मांडून पाहावा. वझश्क पुढे होतो तेव्हा इतर प्राण्यांच्या हसण्यात असलेला भाव ‘नीनविंद’चा आहे: आम्ही बळकट, आम्ही पोहणारे, तू नव्हेस. डुबकीनंतर जी भूमी होते ती कोणाची? ‘आमची भूमी’ असे ऐकणाऱ्याला वगळून म्हणावयाचे तर ‘निंदकीमिनान’ हे रूप आहे. ‘आपली भूमी’ असे सर्वांना धरून म्हणावयाचे तर ‘गिदकीमिनान’. भूमीविषयी बोलताना ओजिब्वे लोक आज जे रूप आवर्जून वापरताना दिसतात ते हे दुसरे. कथा जणू या एका उपसर्गाची उपपत्ती सांगते. ज्याला ‘आम्ही’तून वगळले होते त्याच्या हातातील मातीवर ‘आपण’ उभे आहोत.

आजकाल बालसाहित्यात ओळखीचा विषय आला की बोध ठरलेला असतो: तू वेगळा आहेस, त्याचा अभिमान बाळग. वझश्काची कथा याहून निराळे सांगते. वझश्क आपले वेगळेपण सिद्ध करावयास पाण्यात उतरत नाही. तो उतरतो, कारण ओंडक्यावर जमलेल्यांना जमीन हवी आहे आणि तोही त्या ओंडक्यावरचा आहे. हसणाऱ्यांनी त्याला आपल्यात धरले नसले तरी त्याने त्यांना आपल्यात धरलेले आहे. आपलेपणा प्रथम, ओळख त्यातून. कथेचा क्रम असा आहे, आणि ‘दोदेम’ या शब्दाच्या रचनेतही आपण तोच पाहिला.

६. कथा कोणी सांगावयाची?

हा विचार केवळ पुस्तकी राहत नाही, याचे कारण या भाषेचा अर्वाचीन इतिहास. अमेरिकेत कार्लाइल येथील निवासी शाळा १८७९ साली सुरू झाली. कॅनडात १९२० साली आदिवासी मुलांना शाळेत पाठविणे कायद्याने सक्तीचे झाले. कॅनडातील अशा निवासी शाळांतून सुमारे दीड लाख मुले गेली. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होई. हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या कथांच्या ऋतूत, मूल शाळेच्या कोठडीत आणि आजी घरी, अशी स्थिती पिढ्यान् पिढ्या राहिली. बॅसिल जॉन्स्टन हे अशाच एका शाळेत वाढले. पुढे त्यांनी १९७६ साली ओजिब्वे परंपरेवरील आपले पुस्तक आणि १९८८ साली शाळेतील आठवणी प्रसिद्ध केल्या. कॅनडाच्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत क्षमायाचना केली, आणि सत्यशोधन व समेट आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ साली पुरा झाला.

त्या मुलांना शाळेने जे सांगितले ते वझश्काला सोबत्यांनी सांगितले तेच होते: तू आमच्यातला नव्हेस. शिवाय परत घरी गेल्यावर आजीची भाषा न समजल्याने तेथेही ते परके ठरले. म्हणूनच आज ही कथा पुन्हा ओजिब्वेतच सांगण्याला महत्त्व आहे. एडवर्ड बेन्टन-बनाई यांनी १९७९ साली आजोबा नातवंडांना सांगत आहेत अशा रीतीने ही परंपरा इंग्रजीत लिहिली. त्यांच्या पुस्तकाच्या नावातील ‘मिशोमिस’ म्हणजे आजोबाच. त्यानंतर एक पाऊल पुढे पडले. विस्कॉन्सिनमध्ये ओजिब्वे माध्यमाची शाळा निघाली, आणि २०१० साली ‘अवेसीन्येन्सग’, म्हणजे ‘लहान प्राणी’, हे मुलांच्या प्राणिकथांचे पुस्तक निघाले. त्यात इंग्रजी भाषांतर नाही. सर्व मजकूर ओजिब्वे. मिनेसोटा विद्यापीठाने २०१२ पासून वृद्ध भाषिकांच्या आवाजासह एक कोशही सर्वांना खुला केला आहे.

भाषांतर न देण्याचा निर्णय काही वाचकांना हेकटपणाचा वाटेल. इतके दिवस जग जिच्याकडे पाठ फिरवून होते त्या भाषेने आता दार का लावून घ्यावे? परंतु वर पाहिलेल्या गोष्टी येथे आठवाव्यात. इंग्रजी पाठात कथा सचेतन राहत नाही, वझश्क एक तर नर होतो किंवा मादी, दोदेम सुटा पडतो, आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ एकाच शब्दात बुडून जातात. मराठीने यांतील शेवटची गोष्ट वाचविता येते. बाकीच्या तिच्याही हातून निसटतात. त्या मुलांसाठी लिहिलेले पुस्तक त्यांच्याशी ‘गीनविंद’ म्हणून बोलते. ते मूल आज त्या भाषेत चाचरत असले, तरी पुस्तकाने त्याला आधीच आपल्यात धरलेले असते. पाण्याच्या तळाशी गेलेल्या भूमीची चिमूटभर माती पुरते, असे नानाबोझोने सांगितले होते. आजीच्या तोंडून एका नातवाने नीट ऐकलेली एक गोष्ट ही भाषेच्या बाबतीत तेवढीच माती होय.